नंबर एक्केचाळीसची शेवटची ओळ

सगुणाबाईंचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. घरात गजराचं घड्याळ होतं, पण तो गजर कधी वाजला नाही. वाजायच्या आधी त्या उठून तो बंद करायच्या, कारण नवऱ्याची, म्हणजे रावजी मास्तरांची, झोप मोडली की दिवसभर त्यांचा सूर चढा लागायचा. चारला त्या शेवंतीच्या वाफ्यात असायच्या. बॅटरी दातात धरायच्या, म्हणजे दोन्ही हात खुडायला मोकळे. साडेसहाला टेम्पो यायचा आणि फुलं बाजारात जायची. मळा दुसऱ्याचा, मजुरी यांची. मळ्याच्या कडेला दोन पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथे हे दोघं राहायचे. तेव्हा नाशिकचं इंदिरानगर संपलं की लगेच मळे लागायचे. आता लागत नाहीत.

घरचं आवरून दहाला त्या लिहायला बसायच्या. मी सांगणार आहे ते या लिहिण्याबद्दल.

मी एकोणतीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या खात्यात होतो. लग्नसराईत गोटीरामशेठच्या ब्रास बँडमध्ये युफोनियम वाजवायचो. युफोनियम म्हणजे छातीशी धरायचं, घागरीएवढ्या तोंडाचं पितळी वाद्य. वजन साडेचार किलो. वरातीत दोन तास चालल्यावर दहा.

रावजी मास्तर आमच्या बँडचे मास्तर. पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवून पेन्शनीत निघालेले. शहरातले बाकीचे बँड कानावर चालायचे. एकाने कॅसेट ऐकायची, वाजवून दाखवायची, बाकीच्यांनी त्याच्यामागे जायचं. मास्तरांना हे मान्य नव्हतं. आमच्याकडे प्रत्येकाला त्याच्या वाद्याचं लिहिलेलं नोटेशन मिळायचं. दुसऱ्या बँडात अठरा माणसं एकच गोष्ट वाजवायची. आमच्यात अठरा माणसं अठरा वेगळ्या गोष्टी वाजवायची आणि त्याचं एक गाणं व्हायचं. गोटीरामशेठ दर थोडा जास्त लावायचा तो यामुळे. त्याला स्वतःला फरक कळत नव्हता, पण गिऱ्हाइकाला समजावून सांगता यायचा.

सन एक्क्याण्णवला मास्तरांची नजर कडांकडून जायला लागली. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. अठरा वाद्यांचा मोठा कागद ते कसाबसा लिहायचे, पण त्यातून अठरा वेगळी कार्डं उतरवणं होईना. कर्नेटची, म्हणजे आखूड ट्रम्पेटची, ओळ उतरवता उतरवता ट्रम्पेटच्या ओळीवर जायचे. एका वरातीत कर्नेटवाल्याने निम्मं ट्रम्पेटचं वाजवलं. लोक नाचले, पण मास्तर दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा हे बोलणं चाललेलं.

"मला द्या. मी उतरवते," सगुणाबाई म्हणाल्या.

"तुला नाय समजणार. ती एक भाषा हे."

"मला कुठं बोलायची हे? उतरवायची ना?"

"एक टिकली वरच्या रेषेवर गेली तर सूर बदलतो, सगुणा."

"मग नाय जाऊ देत वरच्या रेषेवर."

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पहिलं कार्ड उतरवायला त्यांना तीन दिवस लागले. मास्तरांनी भिंग लावून ते तपासलं आणि काही बोलले नाहीत. मास्तर काही बोलले नाहीत म्हणजे चूक सापडली नाही.

निम्मा वेळ रेषा आखण्यात जायचा. नोटेशनला पाच रेषा लागतात, सारख्या अंतराच्या. मी पितळी पट्टीत पाच निबा बसवून दिल्या, म्हणजे एका ओढीत पाच रेषा. पाचही निबांची टोकं एका पातळीत घासायला मला दोन रविवार लागले. सगुणाबाईंनी शाईत बुडवून एक ओढ मारली आणि म्हणाल्या, "पुंजाभाऊ, चौथी जड चालती." खरं होतं. तिसरा रविवार गेला.

त्यांचे शब्द त्यांचे स्वतःचे होते. सुराच्या काळ्या खुणेला त्या मणी म्हणायच्या. दोन रेषांमधली जागा म्हणजे घर. उभ्या रेघांनी ताल कापलेला असतो, त्या प्रत्येक कप्प्याला खण. अठरा कार्डं झाली की ती जमिनीवर ओळीने मांडायच्या आणि प्रत्येकाचे खण मोजायच्या. सगळ्यांचे सारखे भरले पाहिजेत. एकाचा खण कमी पडला तर तो माणूस गाणं संपायच्या आत एकटाच घरी पोचतो. झांजवाल्याच्या कार्डावर चौसष्टपैकी पन्नास खण मोकळे असायचे. तेही त्या इतरांइतक्याच काळजीने आखायच्या.

झांजवाला एकदा म्हणाला, "मावशी, माझ्या कार्डावर काहीच नाही. मी काय करू?"

"मोजत गप उभा राहा. तेच तुझं काम हे."

कार्ड लहान लागायचं. वरातीत वाजवणारा चालत असतो. वाद्याला एक चिमटा असतो, त्यात कार्ड अडकवायचं. दोन्ही हात वाद्यावर, म्हणून पान उलटता येत नाही. सगळं गाणं एका कार्डाच्या एका बाजूला बसलं पाहिजे, आणि कार्ड वाऱ्याने वाकता कामा नये. एवढा जाड कागद विकत घेणं परवडत नव्हतं. सगुणाबाई रद्दीवाल्याकडून लग्नपत्रिका घ्यायच्या. कोऱ्या बाजूला नोटेशन लिहायच्या आणि छापील बाजूवर खाकी कागद खळीने चिकटवायच्या. कारण छापील बाजू लोकांकडे यायची, आणि एकाच्या लग्नात दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका बरी दिसत नाही.

रद्दीत सगळ्यात चांगला माल मोडलेल्या लग्नांचा. छापलेल्या पण न वाटलेल्या पत्रिका. कोऱ्या करकरीत, सगळ्या एका मापाच्या, शंभराचा गठ्ठा. रद्दीवाला त्या त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा.

गोटीरामशेठ दर कार्डामागे मजुरी द्यायचा. फुलांच्या मजुरीवर घर चालायचं. कार्डांची मजुरी सगुणाबाई बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. ती मास्तरांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी होती.

आमच्याकडे नंबर असायचे. एक ते बारा पलटणीचे मार्च, नवरदेव घोड्यावर बसताना. तेरापासून देवाची गाणी. एकवीसपासून सिनेमाची, ती दरवर्षी बदलायची. तेहतीस नवरी सासरी जाताना. मधे दोन-तीन इंग्रजी नाचाच्या चाली होत्या, तीन ठोक्यांच्या. त्यावर नाशिकमध्ये कुणी नाचलं नाही, पण मास्तरांनी त्या काढल्याही नाहीत.

आता मुख्य गोष्ट. वरातीत कुठलंही गाणं पूर्ण वाजत नाही. पोरांना पहिलंच कडवं पुन्हा पुन्हा पाहिजे असतं. आणि मंडप आला की नवरीकडचा कुणीतरी पुढे येऊन हात वर करतो. हात वर म्हणजे नवरदेव पोचला, बँड बंद. जिथे असाल तिथे. वर्षानुवर्षं असं केल्यावर हात वर झाला की ओठ आपोआप सुटतात. डोक्याला विचारावं लागत नाही.

त्यामुळे प्रत्येक कार्डाची शेवटची ओळ सगुणाबाई लिहायच्या आणि ती कधी वाजायची नाही. त्यांना ते माहीत होतं. कार्डं परत द्यायला मी गेलो की त्या एकच प्रश्न विचारायच्या.

"शेवटची ओळ वाजली का?"

"नाही."

"बरं."

आणि पुढच्या कार्डाची शेवटची ओळ तेवढीच नीट लिहायच्या. मी एकदा म्हटलं, "वहिनी, शेवटची ओळ सोडून द्या की. कुणाला कळतंय?" त्या म्हणाल्या, "तुम्ही साच्यात खालची बाजू ओतायची सोडता का?"

नंबर एक्केचाळीस मास्तरांनी स्वतः रचला. कुठल्या सिनेमातला नाही, पलटणीतला नाही. अकरा मिनिटांचा, बावीस वाद्यांचा, बसून वाजवायचा. पलटणीच्या बँडात तसं असायचं. संध्याकाळी हिरवळीवर खुर्च्या मांडायच्या, बँड बसून वाजवणार, साहेब लोक ऐकणार. कुणी नाचायचं नाही, कुणी मधे हात वर करायचा नाही. मास्तरांना एकदा तसं स्वतःचं वाजवायचं होतं.

तोपर्यंत नजर जवळजवळ गेलेली. ते क्लॅरिनेटवर चार सूर वाजवायचे आणि मग सांगायचे, "दुसऱ्या घरात काळा मणी, दांडी वर. तिसऱ्या रेषेवर पोकळ मणी." सगुणाबाई लिहायच्या. मोठा कागद पुरा व्हायला दीड वर्ष गेलं. मग बावीस जणांच्या वह्या, प्रत्येकी चार पानं, बसून वाजवायचं म्हणून मोठ्या कागदावर. त्याला साडेचार महिने. याची मजुरी कुणी दिली नाही, कारण हे कुणी मागितलंच नव्हतं. सत्त्याण्णवच्या दिवाळीत त्या वह्या लोखंडी पेटीत गेल्या. गोटीरामशेठला मास्तरांनी एकदा विचारलं. शेठ म्हणाला, "मास्तर, अकरा मिनिटं नाचायचं नाही म्हटल्यावर पाहुण्यांनी करायचं काय?"

त्याच हिवाळ्यात मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगुणाबाईंनी डबा परत आणला आणि फळीवर ठेवला.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात सिन्नरला लग्न होतं. नवरदेव मयूर, नवरी भाग्यश्री. नवरदेवाकडून दोन दिवस आधी निरोप आला की अमुक एक नवीन गाणं पाहिजेच. सगुणाबाईंनी दोन दिवसांत अठरा कार्डं काढली. शेवटची कार्डं सकाळी आठला चिकटवली आणि मी बाराला न्यायला गेलो. खळ वाळायला सहा तास लागतात. चार मिळाले. त्या म्हणाल्या, "पुंजाभाऊ, तुमचं ओलं हे. उन्हात धरा थोडा वेळ." मी हो म्हटलं आणि खिशात घातलं.

सिन्नरला दुपारी चारला वरात निघाली. ऊन पाठीवर होतं. मंडपापासून पन्नास पावलांवर माझ्या कार्डाचा खाकी कागद सुटला आणि खाली पडला. मला कळलं नाही. माझ्याकडे नोटेशनची बाजू होती. नवरीचा मामा हात वर करायला पुढे आला होता. त्याने हात अर्धा वर नेला आणि तसाच ठेवला. मग जवळ येऊन माझ्या वाद्यावरची पत्रिका वाचायला लागला.

पत्रिका मोठ्या अक्षरात होती. चि. मयूर, मुक्काम सिन्नर. चि. सौ. कां. सविता, मुक्काम मालेगाव. तारीख सहा महिन्यांपूर्वीची.

"हे काय?" मामाने मला विचारलं.

मी म्हटलं, "युफोनियमचं कार्ड."

"मयूर म्हणजे आमचाच का?"

आता मला काय माहीत. मामाने पुढे जाऊन ट्रम्पेटवाल्याच्या कार्डाचा खाकी कागद नखाने सोलला. तिथेही मयूर आणि सविता. क्लॅरिनेटचा सोलला. तेच. गठ्ठा एकच होता. मालेगावचं ठरलेलं लग्न मोडल्याचं मुलाकडच्यांनी या लोकांना सांगितलं नव्हतं, आणि आम्ही अठरा जण ते मिरवत गावातून आणलं होतं.

पाऊण तास भांडण झालं. नवरदेव तेवढा वेळ घोड्यावरच. शेवटी लग्न लागलं. दोघांचा संसार आजही नीट चालला आहे. आम्हाला मात्र जेवण मिळालं नाही आणि पैसेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोटीरामशेठने सगळी कार्डं मागवून घेतली. "आजपासून कागद बंद," तो म्हणाला. "कानाने वाजवा. कानावर कुणाचं नाव छापलेलं नसतं." सगुणाबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी चूक कबूल केली. चिकटवणं माझं काम, म्हणाल्या. कार्ड उन्हात न धरता मी खिशात घातलं होतं, हे मी तेव्हा बोललो नाही. नंतर त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत हे. तुमच्या खिशाला खळ लागलेली होती."

कागद बंद झाला तसं मास्तरांचं कामही बंद झालं. त्यांच्या जागी कीबोर्ड आला, हातगाडीवर, चार भोंग्यांसह. मास्तर ओट्यावर बसून राहायला लागले. क्लॅरिनेट खुंटीला. बोलणं हो-नाहीवर आलं. सगुणाबाईंचं दहा ते साडेबाराचं काम गेलं. त्या वेळात त्यांनी गजरे ओवायला घेतले आणि ती मजुरी त्याच डब्यात टाकत राहिल्या. ऑपरेशन होणार नव्हतं. मग कशासाठी, ते त्यांनी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

त्यांची मुलगी मंजुषा सिन्नरला दिलेली. ती आली की पत्र्यांचा विषय काढायची. एकदा मी तिथेच होतो.

"आई, डब्यात एवढे साठलेत, पत्रे तरी बदल. पावसाळ्यात चार ठिकाणी पातेली लावता."

"तीन ठिकाणी."

"मग कशाला ठेवलेत? मेल्यावर बरोबर नेणारेस का?"

"एक्केचाळीस वाजवायचा हे," सगुणाबाई म्हणाल्या.

मंजुषा माझ्याकडे बघायला लागली. मी दाराकडे बघितलं. मास्तर बाहेर ओट्यावर होते. त्यांना ऐकू गेलं असणार, पण ते हलले नाहीत.

अडचण पैशांची कमी, माणसांची जास्त होती. नोटेशन वाचणारी माणसं संपत चालली होती. सगुणाबाई मोजायच्या. नव्व्याण्णवला आमच्या बँडात अठराच्या अठरा वाचणारे होते. दोन हजार दोनला नऊ. नवीन येणाऱ्याला वाचायची गरज नव्हती. सन तीनला सिंहस्थ होता, नाशिकचे सगळे बँड आखाड्यांच्या मिरवणुकांत अडकलेले. एक माणूस मिळेना. सन चारला आमच्यात सातच राहिले. मला म्हणाल्या, "पुंजाभाऊ, पुढच्या वर्षी पाच होतील. मग तुम्ही एकटे बसून वाजवणार का?"

वेळ त्यांनी निवडली ती पितृपक्षाची. विसर्जन होऊन गेलेलं, नवरात्र अजून लागलेलं नाही. त्या पंधरवड्यात लग्न नाही, मिरवणूक नाही, दुकानाचं उद्घाटन नाही. सगळे वाजवणारे घरी. फुलांनाही उठाव नाही, म्हणून मळ्याची शेड रिकामी. मी त्यांच्याबरोबर भद्रकालीत गोटीरामशेठच्या दुकानात गेलो.

"काय सगुणाबाई, इकडे कशा?" शेठने विचारलं.

"बँड बुक करायचा हे."

"अरे वा. कुणाचं लग्न?"

"कुणाचं नाय."

"मग?"

"बसून वाजवायचं. दोन तास. अष्टमीला, दुपारी तीनला."

शेठने कॅलेंडर बघितलं. "ही अष्टमी? पितरं जेवायला येतात तेव्हा? लोक म्हणतील गोटीराम येडा झाला."

"त्या दिवशी तुमचं दुसरं काही हे का?"

"नाही."

"मग म्हणू द्या."

"मास्तरांसाठी आहे होय? मग अर्धे द्या."

"पूर्ण घ्या. अर्धे दिले तर पोरं अर्धी वाजवतील."

शेठने पावतीपुस्तक काढलं. आमच्या पावतीवर रकाने छापलेले असतात. वराचं नाव, वधूचं नाव, ठिकाण, वेळ. ते भरल्याशिवाय तो पावती फाडत नसे. पेन धरून तो तसाच बसला. "यात काय लिहू?"

सगुणाबाईंनी पावतीकडे बघितलं. "वर, रावजी. वधू, सगुणाबाई. ठिकाण, फुलांची शेड."

शेठने तसंच लिहिलं.

बाकीची माणसं मी जमवली. पाळी सुटली की एसटी. सिन्नरहून सहा, मालेगावहून आठ, एकेकाळी कुठल्या ना कुठल्या पलटणीत किंवा पोलिसांत वाजवलेली. आमचे सात धरून एकवीस झाले. तिसऱ्या कर्नेटला माणूस मिळेना. मी म्हटलं, वहिनी, तिसरं कर्नेट नसलं तर मास्तरांशिवाय कुणाला कळणार नाही. त्या म्हणाल्या, "वाजवायचं मास्तरांसाठीच हे. आणि मी बावीस लिहिलेत." मी पुन्हा मालेगावला गेलो. एक जण सापडला, सत्तरीचा, यंत्रमागावर काम करून निवृत्त. वाचता उत्तम यायचं. दात नव्हते. कर्नेटला दात लागतात. कवळी लावून फुंकलं तर कवळी हलायची. तो म्हणाला, "हळू वाजवीन." त्याला घेतलं.

अष्टमीला शेडमध्ये बावीस खुर्च्या मांडल्या. बिनहाताच्या, कारण हाताच्या खुर्चीत युफोनियमवाल्याचं कोपर अडकतं. हे सगुणाबाईंनी मंडपवाल्याला दोनदा सांगून आणलं होतं. प्रत्येकासमोर फुलांचे दोन क्रेट एकावर एक, त्यावर वही, वहीला कपड्यांचे चिमटे. मळ्यावरचे मजूर दारात उभे राहिले. मंजुषा आली होती. शेजारच्या कॉलनीतला एक माणूस येऊन विचारून गेला की कोण वारलं.

मास्तरांना इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्यांना समोर बसवलं, हातात काठी. त्यांना आम्ही दिसत नव्हतो. त्यांनी एकेका वाद्याला सूर लावायला सांगितला आणि बावीस मोजले. बावीस भरले तेव्हा त्यांनी एकदा नाक शिंकरलं.

मग सुरू केलं. पहिलं पान धडपडत गेलं. दुसऱ्या पानाला अंगात आलं. ज्याचं त्याचं वेगळं होतं, पण सगळ्यांचे खण बरोबर भरत होते. तिसऱ्या पानावर माझे बारा मोकळे खण होते. ते मोजताना मी बाकीच्यांचं ऐकलं. पंचवीस वर्षं मी बँडात वाजवत होतो, पण बसून कधी ऐकलं नव्हतं. सगुणाबाई दाराशी उभ्या होत्या, हातात मोठा कागद, बोट ओळीवरून सरकतंय. चौथं पान लागलं. शेवटच्या ओळीआधी सगळे हळू होतात आणि मग एकदम पूर्ण जोर लावायचा असतो. तो जोर दाखवायला मास्तरांनी काठी सोडली आणि हात वर केला.

आम्ही बावीसच्या बावीस थांबलो.

मास्तरांचा हात वरच राहिला.

"का थांबलात?" सगुणाबाई म्हणाल्या.

क्लॅरिनेटवाला म्हणाला, "मास्तरांनी हात वर केला."

"मग?"

"हात वर केल्यावर नवरदेव पोचला असं असतं, मावशी."

सगुणाबाई पुढे आल्या. "नवरदेव पोचलेलाच हे. समोर बसलाय. पावतीवर नाव हे त्याचं. पुन्हा पहिल्यापासून धरा." मग त्या मास्तरांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत खाली धरून ठेवला. मास्तर म्हणाले, "अगं, इशारा कसा देऊ?" त्या म्हणाल्या, "मानेनं द्या."

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पहिलं पानही नीट गेलं. चौथ्या पानावर सगळे हळू झालो. मास्तरांनी मान खाली टाकली आणि आम्ही शेवटच्या ओळीत शिरलो. मधे कुणी थांबलं नाही. शेवटचा सूर मास्तरांच्या मानेनेच तोडला.

मास्तर काही बोलले नाहीत.

सगुणाबाई उठल्या, तिसऱ्या कर्नेटकडे गेल्या आणि वहीवर बोट ठेवलं. "बाबा, इथं अर्धा मणी आधी निघालात." म्हाताऱ्याने कवळी बसवत मान हलवली. माणसं वाद्यं पुसायला लागली, एकाने पिशवी उघडली. त्या म्हणाल्या, "निघालात कुठं? पैसे दोन तासांचे दिलेत."

तेरा वर्षांच्या कार्डांची आणि गज‍ऱ्यांची मजुरी त्या दुपारी बँडचा दर, बावीस खुर्च्या आणि पंधरा जणांचं एसटीचं भाडं यात गेली. पत्रे पुढच्या पावसाळ्यातही गळले. शेवटची ओळ सोळा खणांची आहे, वाजायला अर्धं मिनिट लागतं. पाच वाजेपर्यंत ती आम्ही आणखी पाच वेळा वाजवली, दर वेळी अकरा मिनिटांच्या सुरुवातीपासून.